काचेच्या खोलीतली केस

"पंखा बघायला आलात का?"

मही नात सुमेधा त्याला पयल्यांदा काय बोलली, तर हे. शिकली-सवरलेली पोरगी, काहीतरी गोड बोलंल असं वाटलं व्हतं मला. पण न्हाई. पंखा!

त्याचं झालं असं. सुमेधा जालन्याला कॉलेजात समुपदेशनाचं एम.ए. करून राह्यली. समुपदेशन म्हंजी लोकायचं दुःख ऐकायची डिगरी. आम्ही परतूरला हेच काम हापशावर उभं राहून फुकटात करायचो, आता त्याला दोन वर्षं लागतात. तर त्या दिवशी तिला शबनम मॅडमनी बोलावलं व्हतं. ह्या मॅडम म्हंजी त्या विभागाच्या मोठ्या बाई. केबिनच्या बाहेर बाकडं व्हतं, त्याच्यावर सुमेधा टेकली तं शेजारी एक पोरगं बसलेलं. उंच, सावळं, बाह्या दुमडलेल्या, आन् नजर वर छताकडं. ऊन असं, की बाकड्यावर पापड ठेवला तं भाजून निघंल. आन् पंखा बंद.

"न्हाई," पोरगं म्हणलं.

"मंग?"

पोरगं विचारात पडलं. तेवढ्यात माणूस अंबडला जाऊन परत येईल.

"मी... तुमच्याच वर्गात आहे."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

सुमेधानं त्याच्याकडं नीट बघितलं. मंग कपाळाला हात लावला. "अगं बाई! मागं, खिडकीजवळ... ते तुम्ही? मी तुम्हाला एकदा दिव्याचं बटण बसवायला सांगितलं व्हतं!"

"बसवलं ना," तो म्हणला. "चालू आहे अजून."

आन् हसला. सुमेधा म्हणती, त्याचं हसू आधी डोळ्यात येतं, मंग चालत चालत ओठावर. मी म्हणलं, बाई, पंखा बंद व्हता म्हणून तुला जास्तच गरम झालं आसंल.

त्याचं नाव संघपाल. मंठ्याचा. एवढं कळायला तिला बाकीच्या वर्गापेक्षा एक वर्ष जास्त लागलं.

आता दोघांला कामून बोलावलं, ते सांगते. कॉलेजात एक खोली हाय, तिच्या एका भिंतीला काच. आतून बघितलं तं आरसा, बाहेरून बघितलं तं खिडकी. आत गावातले लोक यायचे, आपलं दुःख सांगायचे आन् पोरं ऐकायची. काचेमागं बसून मॅडम बघायच्या, पोरं बराबर ऐकून राह्यली का न्हाई. येणाऱ्या माणसाला हे आधीच सांगितलेलं असायचं. तरी बाया आत आल्या की आधी केस नीट करायच्या.

मह्या नातीचा घोळ असा, की तिला ऐकणं जमायचंच न्हाई. समोरच्यानं तोंड उघडलं की हिचा सल्ला तयार. एक बाई आली, म्हणली, "मॅडम, मालक मह्याशी बोलत न्हाई." सुमेधा म्हणली, "नंबर द्या." तिथंच फोन लावला! मालक फटफटीवर आला, काचेच्या खोलीत नवरा-बायको कडाकडा भांडले, मंग रडले, मंग तिघं मिळून चहा प्यायला गेले. संसार सावरला त्या बाईचा. पण मॅडम काचेमागं डोकं धरून बसल्या व्हत्या. असं करायचं नसतं म्हणे.

संघपालचा घोळ उलटा. तो इतका गप, की माणूस बोलून बोलून थकून जायचा. एक काका आले, दोन वाक्यं बोलले, समोर शांतता... आन् झोपले. घोरायला लागले. संघपालनं उठवलं न्हाई. मॅडमनी विचारलं तं म्हणला, "त्यांना गरज व्हती." पुढल्या आठवड्यात काका परत आले आन् शिपायाला म्हणले, "ती झोपायची खोली कोणती?" त्याच्यानंतर लोक उशा घेऊन रांगेत उभे राह्यले. हे जरा मी वाढवलं. एकच उशी व्हती.

मॅडमनी आधी दोघांला येगयेगळं इचारलं, तुमची गोष्ट एकमेकासमोर बोलली तं चालंल का? दोघं व्हय म्हणले, तेव्हा एकदमच आत घेतलं.

"बेटा, ही सजा न्हाई," मॅडम म्हणल्या. "पण मजाक बी न्हाई. सुमेधा, तू लोकायला बोलू देत न्हाईस. सुट्टी लागायच्या आधी परत बघणार आम्ही. बराबर झालं तं प्रात्यक्षिकाला शाळेत पाठवू. न्हाई झालं तर हा कोर्स थांबवावा लागंल. तुझं काय म्हणणं?"

सुमेधानं म्हणणं मांडलं. ते मांडता मांडता मॅडमचा चहा गार झाला, दुसरा मागवला, तो बी गार झाला.

"हेच," मॅडम म्हणल्या. "आन् संघपाल, तुझं?"

"..."

"हे बी हेच."

मंग मॅडमनी उपाय काढला. दोघांनी एकमेकाची केस व्हायचं. एक दिवस हिनं ऐकायचं, एक दिवस त्यानं. नियम एकच, दुखणं खरं सांगायचं. छोटं सांगा, पण खोटं न्हाई. खोट्या रडण्यावर खरं ऐकायला शिकता येत न्हाई म्हणे.

शनिवारी पोरगी परतूरला आली ती तोंड सुजवूनच. "आज्जी, मला काढून टाकतेत."

हे कामून एवढं लागलं तिला, ते मला माहीत व्हतं. दहावीला ती गणितात नापास झाल्ती. तेव्हा सगळ्या गल्लीनं सल्ले दिले. मी तर सगळ्यात जास्त दिले. तवापासून तिनं ठरवलं, परतूरच्या शाळेत समुपदेशक म्हणून बसायचं. दुसऱ्या कोणत्या पोरीला असं एकटं रडू द्यायचं न्हाई. आन् आता ते कागदावर येण्याआधीच सुटून चाललं व्हतं.

"गोळी ठेव तोंडात," मी म्हणलं. "लिमलेटची. ती विरघळस्तोवर बोलायचं न्हाई."

"आज्जी, हा सल्ला झाला."

"व्हय. मव्हा कोर्स न्हाई चालू."

सोमवारी पयली बैठक. सुमेधा ऐकणारी, संघपाल सांगणारा. तिच्या गालात गोळी.

"आमच्या घरात..." तो म्हणला आन् थांबला.

सुमेधाला आतून फुटून राह्यलं. भांडणं व्हतात? दारू हाय? सासू-सून? तिनं गोळी दाताखाली दाबली.

"...आई हाय. तीन बहिणी हायेत. आत्या हाय. सगळ्या बोलतात." परत थांबला. "मव्हा नंबरच आला न्हाई कधी."

गोळी घशात जाता जाता राह्यली. सुमेधाला हसू आवरंना. तो बी हसला. काचेमागं मॅडम खोकल्या.

दुसऱ्या दिवशी उलटं. सुमेधा सांगणारी. तिनं गणिताची गोष्ट सांगितली. लई भरभर सांगितली, मधी मधी विनोद टाकले, जसं काही झालंच न्हाई. तो ऐकत राह्यला. ती संपली. आता त्याला एक वाक्य बोलायचं व्हतं, मॅडमचा हुकूम. तो किती तरी वेळ आपल्या नखाकडं बघत बसला. मंग हळू म्हणला,

"तवा कोणीतरी नुसतं... शेजारी बसायला पायजे व्हतं."

सुमेधा गप. गोळी नसताना गप! मव्हा तर विश्वास बसंना. आमच्या घरात पोरगी गप बसली की आम्ही आधी ताप बघतो.

"आज्जी," ती मला म्हणली, "तवा वर्षभर सगळे बोलले मह्याशी. पण हे एकच वाक्य... कसं सांगू तुला."

"नको सांगू. तोंडावर दिसून राह्यलं," मी म्हणलं.

त्याच्यानंतर कॉलेजच्या गेटासमोर मोसंबीचा रस सुरू झाला. अभ्यासासाठी, असं दोघं म्हणायचे. रसवाला बद्रीनाथ दोघांला ओळखायला लागला.

"दादा, साखर नको," सुमेधा सांगायची. "मीठ टाका, बर्फ थोडा, आन् तो वरचा फेस काढा, आन् ह्यांना..."

"मी सांगतो," संघपाल म्हणायचा.

"सांगा."

बद्रीनाथ ग्लास हातात धरून उभा. मागं गिऱ्हाईक उभं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्या मागून वरात गेली.

"...तसंच."

"येवढ्यासाठी थांबवलं का आम्हाला!" बद्रीनाथ वैतागायचा. पण सुमेधा हसायची. तिला आता त्याच्या थांबण्याची सवय लागली व्हती. त्याचं वाक्य जालन्याला सुरू व्हायचं, परतूरला संपायचं, आन् मधल्या सगळ्या ठेसनावर ती डोळे मोठे करून वाट बघायची.

हे परतूरचं मी उगी म्हणले न्हाई. शनिवारी ती रेल्वेनं गावाकडं यायची. एका शनिवारी डब्यात बघती तं समोर हा.

"तुम्ही मंठ्याचे ना? मंठ्याची बस तर स्टँडवरून सुटती. सरळ."

"व्हय."

"मंग परतूरच्या गाडीत कसे?"

"इथं... सीट चांगली असते."

सुमेधानं त्या सीटकडं बघितलं. फाटलेलं रेक्झिन, खालून स्प्रिंग वर आलेली. "व्हय का. टोचत न्हाई?"

"सवय झाली."

"पयल्यांदाच आलात ना?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. कान लाल. खिडकीबाहेर वाळलेली कपाशी सोडून काही बी नव्हतं, पण असं बघत व्हता जसं तिथं मोर नाचून राह्यलेत.

मी ठेसनावर नातीला घ्यायला गेल्ते. तो बी उतरला. मी इचारलं, "कोणाचा रे बाबा तू?" त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं... ती गाडी सुटली, तिच्या मागून परभणीकडची आली, ती बी सुटली, तवा कुठं "कडूबाचा" असं बापाचं नाव निघालं त्याच्या तोंडातून. तेवढ्या वेळात मी त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. चप्पल साधी, पण नखं स्वच्छ. आन् सुमेधाची पिशवी कवाच त्याच्या हातात गेल्ती. मी काही बोलले न्हाई. मला बी कधी कधी गप बसता येतं.

असं करता करता परीक्षा आली. सुमेधा रात्रीची जेवली न्हाई, सकाळी भाकर कुस्करून तशीच ठेवली. बाहेरून रामप्रसाद सर आले व्हते तपासायला. मोठे कडक. असं म्हणतेत, की ते वर्गात आले की खडू आपोआप सरळ व्हायचे.

आधी संघपालची पाळी. तो ऐकणारा. सुमेधानं सांगितलं, की आज नापास झाले तं घरी काय तोंड दाखवू. तो जिथं बोलायचं तिथं बोलला, थांबायचं तिथं थांबला. काचेमागं रामप्रसाद सरायनी मान हलवली. पास.

मंग खुर्च्या बदलल्या. आता सुमेधा ऐकणारी, गालात गोळी. पूर्ण तासाभराचं सत्र करायचं, मधी सल्ला द्यायचा न्हाई, समोरच्याचं वाक्य तोडायचं न्हाई. एवढं जमलं की शाळा. न्हाई जमलं तं पिशवी भरून कायमचं घरी.

"बोला," सुमेधा म्हणली. "आज काय सांगावं वाटतंय?"

संघपालनं घरून एक साधं दुखणं तयार करून आणलं व्हतं. धाकट्या बहिणीच्या अभ्यासाचं. पण समोर सुमेधा बसली व्हती, हात मांडीवर, जराशी पुढं वाकून, डोळ्यात घाई न्हाई... इतकी छान ऐकत व्हती, की त्याचं तयार केलेलं दुखणं कुठल्या कुठं गेलं आन् खरं वर आलं.

"एक मुलगी आहे," तो म्हणला.

सुमेधा खुर्चीत ताठ झाली. मुलगी? कोणती मुलगी? मंठ्याची? नाव काय, शिकली किती, तिच्या घरचे काय करतेत? सगळे प्रश्न जिभेवर येऊन धक्काबुक्की करायला लागले. तिनं गोळी घट्ट धरली.

"ती... लई बोलते. आधी वाटायचं, हिच्यासमोर मव्हा नंबर कसा लागंल? पण ती आता थांबते. मह्याकडं बघत थांबते. असं मह्यासाठी कोणीच थांबलं न्हाई."

कडाक!

गोळी फुटली. आतला माईक चालू व्हता. काचेमागं तो आवाज असा घुमला, की रामप्रसाद सरायच्या बशीतला चहा सदऱ्यावर आला.

सुमेधाचे कान गरम. पण आवाज तिनं सरळ ठेवला. "म्हंजी... ती थांबते, त्याचं तुम्हाला बरं वाटतं."

"व्हय." तो खाली बघून बोलत व्हता. "मी तिच्यासाठी चुकीच्या गाडीत बसतो. तिला माहीत आहे बहुतेक. तिनं परत इचारलं न्हाई, मी खरं सांगितलं न्हाई." मंग त्यानं मान वर केली. आरशात न्हाई, तिच्याकडं बघितलं. "मी तिला सांगावं का?"

बघा आता! जिनं सगळ्या जिल्ह्याला न मागता सल्ले दिले, तिला आयुष्यात पयल्यांदा असा प्रश्न आला ज्याचं उत्तर तिला शंभर टक्के माहीत व्हतं. आन् तेच द्यायची मनाई.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सांगितलं तर... काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"हसंल."

"आन् हसली तर?"

"तर बरंच की," तो म्हणला. "तिला हसताना बघायलाच तर..."

आन् थांबला. सुमेधानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अजून अर्धा तास बाकी व्हता. ती नुसती 'बरं' म्हणत मान हलवत बसली असती, तरी पास व्हती. काचेमागं कोणाला काय कळणार व्हतं? तो कोणत्या मुलीचं बोलून राह्यला, ते त्यानं सांगितलंच नव्हतं.

पण मॅडमनी पयल्याच महिन्यात शिकवलं व्हतं. समोरच्याच्या गोष्टीत आपलं स्वतःचं मन अडकलं, तर त्या खुर्चीत बसायचा आपल्याला हक्क न्हाई. खरं सांगायचं, उठायचं, आन् केस दुसऱ्याकडं द्यायची. शाळा जाईल का राहील, ते नंतर.

"थांबा," सुमेधा म्हणली. "मला हे सत्र इथंच बंद करावं लागंल. तुमची काही चूक न्हाई. तुम्ही लई नीट सांगितलं. पण मी... मी ह्या केसमध्ये तटस्थ न्हाई. तुम्हाला दुसऱ्या समुपदेशकाकडं पाठवायला पायजे."

संघपालला उलगडायला वेळ लागला. तुम्हाला माहीतच हाय त्याचं. पण उलगडलं तसं हसू आधी त्याच्या डोळ्यात आलं...

ती तेवढं बघायला थांबली न्हाई. दार उघडून थेट नळावर गेली आन् तोंडावर पाणी मारत राह्यली. संपलं. शाळा गेली. आज्जीला काय सांगायचं?

मॅडमनी दोघांला आत बोलावलं. रामप्रसाद सर सदरा पुसत व्हते.

"सत्र अर्ध्यात सोडलं," सर म्हणले. "नियमानं हे अपूर्ण."

"सर," शबनम मॅडम म्हणल्या, "तिनं परीक्षा सोडली न्हाई, केस सोडली. बोलून न्हाई घालवली, सल्ला न्हाई दिला, त्याचं एक वाक्य तोडलं न्हाई. आन् चुपचाप बसून पास होता येत असताना खरं बोलून उठली. अशी समुपदेशक मिळाली तं मी महा पोरगा बिनधास्त तिच्याकडं पाठवीन."

रामप्रसाद सरायनी चष्मा काढला, संघपालकडं बघितलं, सुमेधाकडं बघितलं. "पाठवू नका मॅडम," ते म्हणले. "तिथं नंबर लागलाय आधीच."

आन् सही केली. जूनपासून परतूरची शाळा.

मॅडम उठता उठता म्हणल्या, "आन् बेटा, आजपासून तुम्ही दोघं एकमेकाची केस घ्यायची न्हाई. बिलकुल न्हाई. काचेच्या बाहेर काय करायचं ते करा, तिथं मी बघत नसते."

दोघं व्हरांड्यात आले. सुमेधा इतकी खुश, की बोलणं धरणाचं दार उघडल्यासारखं सुटलं. शाळा, जून, आज्जी, सरायचा सदरा, सगळं एका दमात. मधीच तिच्या ध्यानात आलं, की हा काहीतरी बोलायला बघून राह्यला. ती गपकन थांबली.

"बोला."

"तुम्ही केस सोडली," तो म्हणला. "आता मी कोणाकडं जाऊ?"

"काय तकलीफ हाय तुम्हाला?"

तो जवळ आला. लई न्हाई, एक फरशी. आन् जल्मात कधी बोलला नसंल इतकं जल्दी बोलला, एका श्वासात, मधी एक बी थांबा न घेता, "मलातूआवडतेससुमेधा."

सुमेधाचे गाल मोसंबीच्या आतल्या रंगाचे... न्हाई, मोसंबी आतून पिवळी. टरबुजाच्या रंगाचे झाले. तिला सगळं बराबर ऐकू आलं व्हतं. प्रत्येक अक्षर. पण ती शेवटी महीच नात.

"परत म्हण," ती म्हणली. "हळू."

"हळू म्हणलं तं..." त्यानं खरंच हिशेब केला. "पुढचं सेमिस्टर लागंल."

सुमेधा व्हरांड्याच्या पायरीवर बसली. शेजारची धूळ ओढणीनं झटकली आन् त्याच्यासाठी जागा केली.

"लागू दे," ती म्हणली. "ऐकायच्या परीक्षेत पास झालेय मी."